४६ की ९२? पेशी गुणसूत्रं मोजते तरी कशी?

निरंजनी

भाचीच्या चाचणीत एका गुणाचा प्रश्न होता: मानवी पेशीच्या सूत्री विभाजनात पश्चावस्थेला गुणसूत्रं किती असतात? हिने ९२ लिहिलं. बाईंनी काट मारून शेजारी ४६ लिहिलं. पोरगी दोन दिवस फुरंगटून बसली आहे. "मावशी, मी चित्रात मोजली ना," एवढंच म्हणते.

माझा जीवशास्त्राशी संबंध बारावीला संपला. पोटापाण्यासाठी मी लोकांचे हिशेब तपासते, जमा आणि नावे जुळतात का ते बघते. त्यामुळे तिच्या ४६-९२ पेक्षा माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळतोय. पुस्तक म्हणतं, दोन्ही कन्यापेशींना अगदी सारखी गुणसूत्रं मिळतात. बरं, मिळतात. पण हे जुळवतं कोण? नुसती ४६ जाऊन भागत नाही, प्रत्येक गुणसूत्राची एक आणि एकच प्रत दोन्हीकडे जायला हवी. तिथे वही घेऊन कोणी बसलेलं नाही. मग चूक कशी होत नाही?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. भाची शेजारी बसून वाचते आहे, तेव्हा जरा सोप्या भाषेत.

सूक्ष्मदर्शी

भाची बरोबर आहे. तीस वर्षं मी रक्ताच्या नमुन्यांतली गुणसूत्रं मोजत होतो, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा.

मोजायचा नियम एकच: गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राची आवळलेली कंबर, ते मोजा. विभाजनाआधी डीएनएची प्रत निघते, पण मूळ आणि प्रत एकमेकींना चिकटून राहतात, बिंदूपाशी सगळ्यात घट्ट. या जोडीला आपण एकच गुणसूत्र म्हणतो, दोन क्रोमॅटिडचं. डीएनए दुप्पट झाला, आकडा मात्र ४६ च. पश्चावस्थेत जोड सुटली की प्रत्येक क्रोमॅटिड आपापला बिंदू घेऊन स्वतंत्र गुणसूत्र होतं, आणि पेशी अजून एकच आहे. म्हणून ९२. मग खाच पडते, दोन पेशी होतात, पुन्हा ४६-४६. एका ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या एका टोकाकडे, किती जातात असं विचारलं असतं तर बाईंचं ४६ बरोबर ठरलं असतं. प्रश्न तसा नव्हता.

जाता जाता एक. पुस्तकात गुणसूत्र नेहमी फुलीसारखं काढतात, आणि मुलांना वाटतं ते कायम तसंच असतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं, त्यात प्रत्यक्ष सूत्री विभाजन सुमारे तासभर. फुली दिसते ती त्याच तासात. बाकी वेळ सगळं मोकळ्या सुतासारखं केंद्रकात पसरलेलं. माणसाचं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र पूर्ण ताणलं तर सुमारे साडेआठ सेंटीमीटर भरेल, विभाजनाच्या वेळी ते गुंडाळून जेमतेम १० मायक्रोमीटरच्या आसपास येतं. इतकं आवरल्याशिवाय ओढाओढ करणं शक्यच नाही, सगळ्याचा गुंता होईल.

तर्कटी

म्हणजे 'गुणसूत्र' कशाला म्हणायचं ते बदललं की आकडा बदलतो. मग हा शब्दांचा खेळ झाला. निरंजनीताईंचा खरा प्रश्न 'तपासतं कोण' हा आहे, आणि त्याला तुम्ही बगल दिलीत काका.

गोगलगाय

तर्कटी आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

सूक्ष्मदर्शी

बगल नाही हो, काल डोळे मिटायला लागले होते. आता बैठक मारतो.

पेशीला मोजता येत नाही. ४६ हा आकडा तिच्यात कुठेही लिहिलेला नाही. तिची युक्ती अशी आहे की मोजायची वेळच येऊ द्यायची नाही.

निरंजनीताई, कार्बन कागद घालून पावती लिहिली, तर मूळ आणि प्रत वहीतून लगेच फाडत नाहीत ना? तसंच इथे. प्रत निघत असतानाच कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी दोन्ही धाग्यांना एकत्र कवेत घेते. अशा असंख्य कड्या. म्हणजे नंतर 'याची जोडीदार कुठली' हे शोधायला लागत नाही, ती मुळात सुटलेलीच नसते.

मग केंद्रकाचं आवरण विरतं. पेशीच्या दोन टोकांना तारककाय जाऊन बसलेले असतात, आणि तिथून सूक्ष्मनलिका बाहेर फुटतात. याच तुमच्या पुस्तकातल्या तुर्कतंतू. आकृतीत त्या सतारीच्या तारांसारख्या ताठ आणि स्थिर काढतात, त्यामुळे फार चुकीचं चित्र डोक्यात बसतं. प्रत्यक्षात त्या आंधळ्यासारख्या चाचपडत असतात. वाढतात, काही हाती लागलं नाही की कोसळतात, पुन्हा वाढतात. गुणसूत्रबिंदूवर दोन्ही बाजूंना, पाठीला पाठ लावून, प्रथिनांची एकेक पकड तयार झालेली असते. तिला कायनेटोकोर म्हणतात. नलिकेचं टोक तिथे आपटलं की पकडलं जातं. माणसात एकेका कायनेटोकोरला पंधरा-वीस नलिका लागतात.

हे सगळं आंधळेपणाने चाललेलं असल्यामुळे चुका सर्रास होतात. सगळ्यात सहज होणारी म्हणजे दोन्ही बहिणी एकाच ध्रुवाला बांधल्या जाणं. तसं झालं तर जोडी सैल राहते, ताण येत नाही. आणि ताण नसला की अरोरा-बी नावाचं विकर तिथली पकड ढिली करतं, नलिका सुटते, पुन्हा चाचपणी सुरू. एक बहीण इकडे आणि दुसरी तिकडे बांधली गेली की दोन्हीकडून ओढ बसते, मधल्या कड्या सोडत नाहीत, जोडी ताणली जाते. ताणलेली पकड टिकते, सैल पकड सुटते. एवढाच नियम. याच्यात मोजणं कुठेच आलं नाही.

ज्या कायनेटोकोरला अजून नलिका मिळालेली नाही तो 'थांबा, थांबा' असा रासायनिक इशारा सोडत राहतो. एक जरी मोकळा असला तरी अख्खी पेशी थांबते. शेवटचा अडकला की इशारा बंद पडतो, सेपरेज नावाची कात्री मोकळी होते, आणि ती सगळ्या जोड्यांच्या उरलेल्या कड्या जवळजवळ एकाच वेळी तोडते. ही पश्चावस्था. भाचीचे ९२ याच क्षणी होतात.

तर्कटी

पटण्यासारखं आहे. पण 'एक जरी मोकळा असला तरी थांबते' हे सिद्ध कसं केलं? थांबते म्हणून मोकळा आहे, की मोकळा आहे म्हणून थांबते?

सूक्ष्मदर्शी

वा, हा प्रश्न आवडला. दोन प्रयोग सांगतो, दोन्ही १९९५ साली प्रसिद्ध झालेले.

कॉन्ली रीडर यांच्या गटाने पोटोरूच्या मूत्रपिंडाच्या पेशी घेतल्या. पोटोरू म्हणजे कांगारूंच्या नात्यातला उंदरासारखा दिसणारा प्राणी, त्याच्या पेशी विभाजनातही सपाट राहतात आणि गुणसूत्रं मोजकी, म्हणून बघणाऱ्याची सोय. शेवटचं एकच गुणसूत्र दोन्हीकडून अडकायचं राहिलंय अशी पेशी शोधून त्याचा मोकळा कायनेटोकोर लेझरने जाळला. गुणसूत्र तसंच एका बाजूला लोंबकळत, दुसऱ्या ध्रुवाला जोडलेलं नाही. तरी पेशी अर्ध्या तासाच्या आत पश्चावस्थेत गेली. जोडणी झाली म्हणून नव्हे, तक्रार करणाराच उरला नाही म्हणून.

दुसरा ब्रूस निकलस यांचा. प्रार्थनाकीटकाच्या शुक्रपेशी तयार होताना कधी कधी एखादं एक्स गुणसूत्र जोडीदाराविना राहतं. त्याला एकाच बाजूची ओढ, त्यामुळे ताण नाही, आणि पेशी तासन् तास अडून बसते. ली आणि निकलस यांनी केसाहून बारीक काचेची सुई पेशीत घालून ते गुणसूत्र नुसतं दुसऱ्या बाजूला ओढून धरलं. पेशी फसली. तिला वाटलं सगळं जागेवर आहे, आणि ती विभागली. जिवंत पेशीत सुई घालून एका गुणसूत्राला हलकेच ताण देणाऱ्या त्या हातांचं मला आजही अप्रूप वाटतं.

निरंजनी

काका, ही तर आमची दुहेरी नोंद! जमेला नोंद आहे आणि नावे बाजूला तिची जोडीदार नाही, तर ताळा जुळत नाही. रक्कम किती, व्यवहार कसला, हे न बघताही कळतं.

पण आमच्याकडे एक जात अशी असते की चूक दोन्ही बाजूंना सारखी होते, ताळा बिनबोभाट जुळतो आणि घोटाळा वर्षभर झाकलेला राहतो. पेशीत असं होत नाही?

सूक्ष्मदर्शी

होतं, आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांच्या नलिका चिकटतात. काही इकडच्या, काही तिकडच्या. मोकळा कुणी नाही म्हणून इशारा नाही, ओढ दोन्हीकडून म्हणून ताणही आहे. तपासणी पार. पश्चावस्था सुरू झाली की बाकीची गुणसूत्रं आपापल्या टोकाला निघतात आणि हे बिचारं मध्ये रेंगाळतं. बहुतेक वेळा एका बाजूच्या नलिका जास्त असतात, मग ते उशिरा का होईना योग्य घरी पोचतं. नाहीतर चुकीच्या घरी जातं, किंवा बाहेरच राहून त्याच्याभोवती वेगळंच चिमुकलं केंद्रक तयार होतं. कर्करोगाच्या पेशींत अशी रेंगाळणारी गुणसूत्रं फार दिसतात. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आज जगभर वाढवल्या जातात, त्यांत गुणसूत्रं सत्तर-ऐंशीच्या घरात असतात.

गोगलगाय

दोन्हीकडून पुरेशी ओढाताण झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आमच्या हपिसाचं बोधवाक्य म्हणून लावतो.

अवांतर शंका: ४६ म्हणजे माणूस 'प्रगत', असं काही आहे का?

शिंपला

मुळीच नाही. कुत्र्याची ७८, मांजराची ३८, फळमाशीची ८. भेकर घ्या: मादीत ६ आणि नरात ७. त्याचाच चिनी भाऊबंद, दिसायला बराचसा तसाच, त्याची ४६. उत्क्रांतीत भेकराची गुणसूत्रं टोकाला टोक जोडून लांबच लांब झाली. माल तोच, गाठोडी कमी.

माणसांतही साधारण हजारात एक जण ४५ गुणसूत्रं घेऊन धडधाकट फिरत असतो, दोन गुणसूत्रं जोडून एक झालेली असतात. आकड्याचं खूळ डोक्यातून काढावं. महत्त्व संचाला आहे, आणि हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं. थिओडोर बोव्हेरी या जर्मन माणसाने समुद्री अर्चिनच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरू दिल्या. गुणसूत्रांचे संच झाले तीन, आणि ध्रुव झाले चार, कारण तारककाय शुक्रपेशीबरोबर येतो. चार ध्रुवांची ओढाओढ, त्यात गुणसूत्रं कशीही विखुरली. एका झटक्यात चार पेशी झाल्या आणि बहुतेक भ्रूण मेले. पण त्या चार पेशी सुट्या करून वाढवल्या तेव्हा प्रत्येकीचं बिघडणं निराळं निघालं. कुणी लवकर मेली, कुणी बरीच पुढे गेली. गुणसूत्रं एकसारखी असती तर असं झालं नसतं. प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि अख्खा संच लागतो, हा निष्कर्ष त्याने १९०२ मध्ये काढला. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. माझ्या मते जीवशास्त्रातला हा सगळ्यात देखणा प्रयोग, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला अर्धी ओळ मिळत नाही याचा मला राग आहे.

तर्कटी

खेचराचं काय मग? घोडा ६४, गाढव ६२, खेचर ६३. विषम आकडा, तरी तगडं जनावर.

शिंपला

त्याच्या शरीरातल्या पेशींना ६३ ची काहीच अडचण नाही. सूत्री विभाजनात जोडी असते ती मूळ आणि तिच्या प्रतीची, आईच्या आणि बापाच्या गुणसूत्राची नव्हे. ६३ च्या ६३ जोड्या बिनधास्त ताणल्या जातात. घोटाळा होतो तो अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे बीजपेशी आणि शुक्रपेशी बनताना. तिथे आईकडच्या गुणसूत्राला बापाकडचं समजातीय, म्हणजे त्याच्याच जोडीचं, गुणसूत्र शोधावं लागतं, आणि घोड्याची व गाढवाची गुणसूत्रं इतकी वेगळी बांधलेली आहेत की जोड्या नीट लागत नाहीत. म्हणून खेचरं जवळजवळ सगळी वांझ.

कावेरी_न

शिंपला यांनी अर्धगुणसूत्री विभाजन काढलंच आहे, तर माझ्या कामातलं सांगते. मी जनुकीय समुपदेशन करते.

इथे पेशी तीच युक्ती वापरते, फक्त ताण वेगळ्या गाठीवर घेते. पहिल्या फेरीत समजातीय गुणसूत्रं एकमेकांत तुकड्यांची अदलाबदल करतात. आपण शाळेत शिकतो की यामुळे विविधता येते, ते खरंच आहे, पण त्या अदलाबदलीचं आणखी एक साधं यांत्रिक काम आहे: ती गाठ मारते. आईचं आणि बापाचं गुणसूत्र त्या गाठीने बांधलेलं असतं म्हणून दोन ध्रुवांनी ओढल्यावर ताण येतो. गाठ नसेल तर पेशीला ती जोडी असल्याचंच कळत नाही. या फेरीत बहिणी एकाच बाजूला जातात, गुणसूत्रबिंदूपाशी त्यांच्या कड्या तोडू न देणारं एक राखणदार प्रथिन असतं. त्याला जपानी शब्दावरून शुगोशिन म्हणतात, म्हणजे रक्षक देवता. दुसऱ्या फेरीत राखणदार हटतो आणि बहिणी वेगळ्या होतात. ४६ च्या २३ होतात ते असे.

आता माझ्या खोलीत रोज येणारा प्रश्न. स्त्रीच्या बीजपेशी तिच्या जन्माआधीच पहिल्या फेरीत शिरतात, गाठी मारून होतात, आणि तिथेच थांबतात. पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला एखादी पुढे सरकते. म्हणजे चाळिशीतल्या बाईच्या बीजपेशीने त्या कड्या चाळीस वर्षं धरून ठेवलेल्या असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्या बीजपेशीत कड्या नव्याने घातल्या जात नाहीत, जन्माआधीच्याच पुरवाव्या लागतात. वयाबरोबर त्या गळतात, जोड्या सैल पडतात, वाटणी चुकते. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त गेली की डाउन सिंड्रोम. आईचं वय ३५ असताना साधारण ३५० जन्मांत एक, चाळिशीला १०० त एक. बाकीच्या बऱ्याच चुका जन्मापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची गडबड सापडते.

समोर बसलेली बाई हमखास विचारते, मी काय चुकीचं केलं? काही नाही. जिने आपण जन्मायच्या आधी मारलेली गाठ इतकी वर्षं वागवली, तिला कसला दोष द्यायचा?

निरंजनी

कावेरीताई, हे वाचून मी थोडा वेळ उठून गेले. कारण सांगत बसत नाही. आभार.

रिकामटेकडा

मूळ मुद्द्यावर. माणसाची ४६ हे ठरलं कधी? आजोबांच्या जुन्या पुस्तकात ४८ वाचल्याचं आठवतंय.

सूक्ष्मदर्शी

बरोबर आठवतंय. १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी ४८ सांगितलं आणि पुढची तीसेक वर्षं ज्याने मोजलं त्याला ४८ च दिसली. तेव्हा ऊतीचे पातळ काप घेऊन मोजायचे, गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, सुतळीच्या गुंत्यात टोकं मोजण्यासारखं. १९५२ मध्ये टी. सी. शू यांना एके दिवशी अचानक सुंदर पसरलेली गुणसूत्रं दिसली. पुन्हा करायला गेले तर जमेना. महिने घालवल्यावर उलगडलं की कुणीतरी धुवायच्या द्रावणात मीठ कमी घातलं होतं. पेशीत पाणी शिरलं, ती फुगली, गुणसूत्रं सुटी झाली. आणि गंमत बघा, इतकं लख्ख दिसूनही शू यांनी लिहिलं ४८! सगळे म्हणतात ती संख्या डोळ्यांवर बसलेली असली की समोरची दिसत नाही. १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंडला जो हिन तियो यांनी गर्भाच्या फुप्फुसाच्या पेशींत ४६ मोजली, आणि १९५६ मध्ये त्यांनी व अल्बर्ट लेवान यांनी प्रसिद्ध केली.

आमच्या टेबलावर अजून बरंचसं तेच चालतं. रक्तातल्या लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या कामाच्या नाहीत. पांढऱ्यांतल्या लिंफोसाइट उगीच विभागत नाहीत, त्यांना राजम्याच्या बियांतल्या एका प्रथिनाने डिवचावं लागतं. तीन दिवस ३७ अंशाला वाढवायच्या. शेवटी कोल्सेमिड घालायचं. ते नलिका बनू देत नाही, त्यामुळे कायनेटोकोर मोकळे, 'थांबा' इशारा चालू, आणि पेशी मध्यावस्थेआधी अडकून राहतात. म्हणजे आम्ही तीस वर्षं जगलो ते त्या इशाऱ्याच्या जिवावर. मग कमी क्षाराचं पाणी, मग मिथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल, मग काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा. थेंब पडला की हलकेच फुंकर. दमट हवेत गुणसूत्रं छान पसरतात, कोरड्या हवेत आखडतात, हे कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं, हाताला कळलं.

उमेदवारीच्या काळात एकदा मी नमुना त्या पाण्यात ठेवून फोनवर बोलत बसलो. पेशी फुटल्या, एकीची गुणसूत्रं दुसरीत मिसळली. कुठे ४५, कुठे ४७, एका ठिकाणी ५१. वरिष्ठांना मी घाबरत घाबरत 'दुर्मीळ केस' म्हणून दाखवायला नेलं. त्यांनी भिंगातून एकदाच पाहिलं आणि विचारलं, "फोन कुणाचा होता?"

गोगलगाय

😂😂 धाग्याचे पैसे वसूल.

रिकामटेकडा

गुणसूत्रं दोन टोकांना गेली. पण खाच बरोबर मधेच कशी पडते? गुणसूत्रं सांगतात का?

शिंपला

मलाही तसंच वाटायचं. १९६१ मध्ये रे रॅपापोर्ट यांनी सँड डॉलर या समुद्री प्राण्याच्या अंड्यावर काचेची गोळी दाबली. अंड्याचं कडं झालं, मधे भोक. पहिल्या विभाजनात कडं एकाच जागी तुटलं, घोड्याच्या नालासारखी एकच पेशी उरली, तिच्या दोन हातांत एकेक केंद्रक. पुढच्या विभाजनात प्रत्येक हातात एकेक खाच पडली, ते अपेक्षितच. पण तिसरी खाच पडली नालाच्या वळणावर, जिथे गुणसूत्रं नव्हतीच! तिथे फक्त शेजारच्या दोन ध्रुवांमधून फुटलेल्या नलिका समोरासमोर आल्या होत्या. म्हणजे जागा ठरवायला दोन ध्रुवांच्या नलिका पुरतात. मग त्या जागी ॲक्टिन आणि मायोसिनचं कडं आवळत जातं, स्नायू आकसतो त्याच जातीच्या प्रथिनांनी. बटव्याची नाडी ओढल्यासारखं.

कावेरी_न

एक पुरवणी. सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन नलिका बनू देत नाही, यू झाडाच्या सालीतून प्रथम मिळालेलं पॅक्लिटॅक्सेल बनलेल्या नलिका गोठवून टाकतं. दोन्हींमुळे विभागणारी पेशी अडकते, म्हणून दोन्ही कर्करोगावर चालतात. केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात, त्यांनाही तोच फटका बसतो.

निरंजनी

भाचीने सगळं वाचलं. बाईंना दाखवायला ताणलेल्या जोड्यांचं चित्र काढलंय, बिंदूंना आकडे घालून. पण तिचा नवा प्रश्न: आईची २३ आणि बाबांची २३ एका पेशीत आली की लगेच मिसळतात का?

शिंपला

लगेच नाही. १८८३ साली एदुआर व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांत पाहिलं होतं की शुक्रपेशीकडून दोन आणि बीजपेशीकडून दोन गुणसूत्रं येतात, आणि ती एकजीव न होता वेगवेगळी राहून विभाजनाला लागतात. सस्तन प्राण्यांत मात्र लोकांनी मानून टाकलं होतं की नलिकांची चौकट पहिल्यापासून एकच असते. २०१८ मध्ये उंदराच्या भ्रूणात नीट बघितलं तर सुरुवातीला दोन चौकटी निघाल्या, एक आईच्या गुणसूत्रांभोवती, एक बापाच्या. त्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मग समांतर येऊन जुळतात. ओढ सुरू झाल्यावरही दोन्ही गट बऱ्यापैकी आपापल्या बाजूला असतात.

उंदराच्या पेशीत गुणसूत्रं ४०. त्या पहिल्या पश्चावस्थेत किती, ते आता तिलाच विचारा.

निरंजनी

विचारलं. मान वर न करता म्हणाली, "ऐंशी. चाळीस आईची, चाळीस बाबांची."